लाल म्हणजे कसं लाल

“सगळंच काढून टाका” हे वाक्य आमच्या मॅडमना सहन होत नसे. आपल्याकडे फोटो काढतात, एक्स-रे काढतात, सीटीही काढतात. लघवीतून रक्त गेलं की घाबरलेला माणूस साताऱ्याच्या आमच्या रुग्णालयात यायचा, डॉक्टरांची चिठ्ठी मॅडमच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, “म्याडम, सोनोग्राफी, सीटी, काय आसंल ते समदं काढून टाका.” मॅडम चिठ्ठी उपडी करून बाजूला सारत. “गाळ काढाय ही काय हीर हाय व्हय? बसा हितं. आधी मला सांगा, लाल म्हंजे कसं लाल?”

त्या रेडिऑलॉजिस्ट होत्या. शरीराच्या आतली चित्रं बघून काय बिघडलंय ते सांगणाऱ्या डॉक्टर. मीही तेच शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि त्यांच्या हाताखाली लागले होते. सांगलीत वाढलेली मी. माझी कल्पना अशी की आमच्या कामात पेशंटचं तोंड बघायची फारशी गरज नसते. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचं, दिसेल ते लिहायचं. मॅडम मात्र त्या खोलीत कमी आणि बाहेरच्या लाकडी बाकावर जास्त सापडायच्या. उंच, काटक, रापलेल्या. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं एकदा एका नर्सनं धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “मुहूर्ताच्या वेळी सोनोग्राफी चालू होती.” त्यानंतर कुणी विचारलं नाही.

त्या माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या पुढच्या एका वाडीतल्या. घरात मेंढरं. बाप मेंढरांमागं रान फिरायचा आणि लेकीला शाळेसाठी आत्याकडं ठेवायचा. डॉक्टरांशी बोलताना त्यांची भाषा पुस्तकासारखी असे, बाकावर बसल्या की माणची. एका वाक्यात दोन्ही भाषा आलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. दुपारी खिडकीशी उभ्या राहून बाजरीची भाकरी आणि कांदा खायच्या. मी खुर्ची पुढं केली तर म्हणायच्या, “बसून जेवलं की डोळा लागतो, आणि डोळा लागला की गाठ नजरेतून सुटते.”

त्याच खिडकीत त्यांच्या बाटल्या होत्या. काचेच्या, बुचाच्या, रांगेनं लावलेल्या. एकीत कोरा चहा, एकीत पाणी घालून पातळ केलेली काकवी, एकीत कोकमाचं पाणी, एकीत बिटाचा रस, एकीत लाल शाईचे थेंब टाकलेलं फिकट गुलाबी पाणी. रंग उतरले की त्या घरून नवीन करून आणायच्या. पेशंट आला की बाटल्यांसमोर उभा करायच्या आणि म्हणायच्या, “ह्यातलं कंचं?”

मला पहिल्यांदा हा पोरखेळ वाटला. मग मी बघत गेले. रक्त म्हणून घाईघाईनं आलेला माणूस बाटल्यांसमोर आला की भीती सोडून आठवायला लागायचा. कुणी बिटाच्या बाटलीवर बोट ठेवायचा आणि आदल्या दिवशी मुलीकडं कोशिंबीर खाल्ल्याचं त्याला तिथंच आठवायचं. कुणी म्हणायचा, यातलं कुठलंच नाही, नारिंगी होतं. मग क्षयाच्या गोळ्या सुरू आहेत का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. पाटणकडची एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. तिनं काकवी दाखवली. मॅडमनी तिच्या सुजलेल्या पापण्यांकडं बघितलं, पायावर अंगठा दाबला, रक्तदाब मोजायला लावला आणि सीटीची चिठ्ठी तशीच परत करून तिला किडनीच्या डॉक्टरांकडं धाडलं. मला म्हणाल्या, “किडनी म्हणजे चाळणी. हिच्या चाळणीची भोकं मोठी झाली आहेत. ती भोकं कुठल्या फोटोत दिसणार?”

“आणि कोकम?” मी विचारलं.

“कोकमाला कळ असेल, कमरेतून जांघेत उतरणारी, तर बहुतेक खडा. खड्याला मी भीत नाही. खडा ओरडून सांगतो मी इथं आहे म्हणून. त्याला सोनोग्राफी, फार तर औषध न टोचता साधा सीटी. पोटुशी असेल तर सोनोग्राफीच.” त्या थांबल्या. “कोकमाला कळ नसेल तर मात्र मला घाबरायला होतं.”

बाटल्यांची ही कीर्ती माहीत नसलेला एक माणूस होता. मशीनच्या कंपनीचा साहेब, पुण्याहून आलेला, ऐन वैशाखात गळ्यात टाय. मॅडम बाकावर होत्या. तो खोलीत वाट बघत बसला आणि तहान लागली म्हणून त्यानं कोकमाची बाटली तोंडाला लावली. मॅडम आत आल्या, रिकामी बाटली बघितली आणि शांतपणे त्याला बाटल्या कशासाठी आहेत ते समजावून सांगितलं. साहेबांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. “कोकमच होतं,” मॅडम म्हणाल्या. “पण आता पेशंटला काय दाखवू?”

गावातले सर्जन त्यांना वचकून असत. चिठ्ठी आली की मॅडम फोन उचलायच्या आणि नमस्कार वगैरे न म्हणता एकच शब्द विचारायच्या, “का?” पलीकडचे डॉक्टर कधी हसायचे, कधी चिडायचे, काहीजण पेशंट दुसरीकडं धाडायचे. रुग्णालय ज्यांनी उभारलं होतं ते मोठे डॉक्टर एकदा मॅडमच्या खोलीत आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, एवढं मशीन आणलंय, ते बसून राहतं हो.”

“बसू द्या,” मॅडम म्हणाल्या. “बसलेलं मशीन कुणाला किरणं देत नाही.”

त्यामुळं नवखी माणसं समजायची की या बाईला तपासण्यांचा रागच आहे. तसं नव्हतं. एखाद्या माणसाची तपासणी व्हायलाच पाहिजे असं त्यांना वाटलं की त्या इतक्या हट्टाला पेटायच्या की सुटका नसायची. मी त्यांची ही दोन्ही रूपं एकाच उन्हाळ्यात बघितली.

पहिली आली उंब्रजची मुलगी. पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी घाट चढायची, संध्याकाळी मैदानावर पळायची. एक दिवस पळून आली आणि लघवी लाल झाली. बरोबर वडील होते, फौजेतून निवृत्त झालेले, ताठ, मिशी कोरलेली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. रडून डोळे सुजलेले.

“म्याडम, फुल चेकप करून टाका,” वडील म्हणाले. “डोक्यापास्नं पायापतुर. मैदानी चाचणी तोंडावर आलीया. आत काय आसंल तर आत्ताच कळू द्या.”

मॅडम मुलीला म्हणाल्या, “किती पळली हुतीस?”

मुलगी वडिलांकडं बघून पुटपुटली, “रोजच्यापेक्षा लय. मैत्रिणीचा टायमिंग चांगला आला म्हनून.”

“पानी?”

“न्हाई पिले. पोट जड हुतं.”

“पाळी?”

मुलीनं मान हलवून नाही सांगितलं. मॅडमनी आणखी बरंच विचारलं. ताप, जळजळ, घरात कुणाला किडनीचं काही, कसल्या गोळ्या, पावडरी, अंग दुखतंय का. पायाच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, रक्ताची एक तपासणी करायला लावली. ती चांगली आली. मग वडिलांना म्हणाल्या, “सुभेदार, पोरगी आता पळायची न्हाई. घरी बसंल, भरपूर पानी पिईल. चार-पाच दिसांनी लघवी तपासायची. तवा बी रक्त निघालं तर मी सोता सोनोग्राफी करीन. आज काय बी काढायचं न्हाई.”

“आवं, पन एवढ्या लांबनं आलोय.”

“म्हनून किरणं देऊ व्हय? अठरा-एकोणीस वर्साच्या पोरीच्या पोटातनं उगंच?”

सुभेदारांना ते पटलं नाही. बाहेर जाऊन त्यांनी माझ्याकडं तक्रार केली, की फौजेत असा ढिलेपणा चालत नाही. पण आठवडा व्हायच्या आत ते लघवीचा स्वच्छ रिपोर्ट घेऊन परत आले आणि मुलगी पुन्हा पळायला लागली. पुढं भरती झाल्यावर ती खाकीत आली, तेव्हा मॅडम तिला बघून एवढंच म्हणाल्या, “पानी पितीस न्हवं?”

दुसरे आले ते आबा. माणकडचेच, म्हातारे, डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर घोंगडी. ते आजारी माणसासारखे दिसतच नव्हते. सुनेनं दामटून आणलं होतं. महिन्यापूर्वी एकदा लघवी लाल झाली, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबली. तालुक्याला सोनोग्राफी झाली, ती चांगली होती. सुनेचं समाधान झालं नाही म्हणून पुन्हा सोनोग्राफीसाठी साताऱ्याला. आबांनी बाटल्यांपुढं क्षणभर उभं राहून कोकम दाखवलं.

“दुकलं?” मॅडमनी विचारलं.

“अजाबात न्हाई.”

“बिडी?”

“ती लहानपनापास्नं हाय.”

मॅडमनी स्वतः सोनोग्राफी केली. बराच वेळ केली. ती पुन्हा चांगलीच आली. आबा उठून घोंगडी झटकायला लागले.

“बसा आबा. एक सीटी करू. शिरंतनं औषध सोडून. आन मग दुर्बीण घालून लघवीची पिशवी आतनं बघायची.”

“सोनोग्राफी चांगली आली न्हवं?”

“सोनोग्राफीत किडनी दिसती, पिशवी दिसती. दोघींच्या मधली नळी न्हाई नीट दिसत. रगत कुटनं आलं ते अजून कळलं न्हाई.”

“आलं आन गेलं की. उन्हाळी लागली आसंल, उन्हानं लघवीला हुती ती. धनं-जिऱ्याचं पानी पितोय.” आबा दारापर्यंत गेले. “मेंढरं सोडून आलोय बाई. येतो की परत.”

ते आले नाहीत. मॅडम रोज सकाळी विचारायच्या, आले का ते आबा. सुनेचा फोन लागत नव्हता. एका रविवारी मॅडम मला म्हणाल्या, “चल, माझ्या गावाकडं जाऊन येऊ.” आम्ही एसटीनं दहिवडीला गेलो, तिथून वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये बसून पुढं. मला वाटलं घरी जातोय. मॅडम घरावरून तशाच पुढं गेल्या आणि माळावर मेंढवाड्यापाशी थांबल्या.

वाघरीच्या जाळीदार कुंपणाआत मेंढरं दाटीनं बसली होती. आबा एका कोकराच्या खुराला काही लावत होते. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, पण ते दाखवलं नाही. सुनेनं चहा टाकला. मॅडम घोंगडीवर मांडी घालून बसल्या, जशा काही रोजच तिथं बसत असाव्यात.

“उंद्या निघनार हाय आमी,” आबा म्हणाले. “किष्णाकाठी. तिकडनं आल्यावर बघू.”

“तवर लय उशीर हुईल.”

“आवं, पन दुकत न्हाई मला.”

“दुकत न्हाई म्हनूनच आलीया मी,” मॅडम म्हणाल्या. “दुकत आसतं तर एवढ्या लांब आली नसती.”

आबा कोकराला सोडून त्यांच्याकडं बघायला लागले. “तू हितलीच वाटतीस. कुनाची गं तू?”

मॅडमनी वाडीचं आणि वडिलांचं नाव सांगितलं. आबांचा चेहरा एकदम उजळला. “त्याची व्हय तू? आगं, आमी बरुबर फिरलोय. लय चांगला गडी. बिचारा उन्हाळीनं गेला.”

सून चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली.

“उन्हाळीनं न्हाई गेला, आबा,” मॅडम म्हणाल्या. “पयल्यांदा लाल झालं तवा मी शाळंत हुते. एकदा व्हायचं आन थांबायचं. वरीसभर काय न्हाई. परत एकदा. त्यो बी म्हनायचा, दुकत न्हाई. मी डाक्टरीच्या दुसऱ्या वर्साला गेले तवा त्याला कळा सुरू झाल्या. तवा दवाखान्यात नेला. पिशवीत गाठ हुती आन ती हाडापतुर गेली हुती. मला समजत हुतं पुस्तकात काय लिवलंय ते. करता काय बी आलं न्हाई.”

मी त्यांच्याबरोबर एवढा काळ काम करत होते आणि हे मला माहीत नव्हतं. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मेंढरांकडं, मग सुनेकडं, मग पुन्हा मॅडमकडं बघितलं. शेवटी म्हणाले, “मेंढरं थोरला घिऊन जाईल. म्या येतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. आधी किडनीचं काम रक्तात तपासलं, मग शिरेतून औषध दिलं. ते औषध किडनीतून खाली उतरताना पडद्यावर पांढऱ्या धारेसारखं दिसतं. उजवीकडची धार सरळ उतरली. डावीकडच्या धारेत खाली, पिशवीच्या जरा वर, एक बारीक खंड होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. मी बोट ठेवलं. मॅडम म्हणाल्या, “हो.” मग उठून बाहेर नळाशी गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

आबांचं ऑपरेशन सांगलीला झालं. गाठ लहान होती, बाहेर पसरलेली नव्हती. पुढच्या हंगामात ते मेंढरांबरोबर निघाले आणि मग बरीच वर्षं येता-जाता दाखवून जात राहिले.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी सांगलीला आले आणि इथल्याच एका रुग्णालयात लागले. मॅडम यथावकाश निवृत्त झाल्या. त्यांचा फोन अधूनमधून यायचा. कशी आहेस, मुलं काय करतात, असलं काही नाही. फोन उचलला की थेट प्रश्न, “आज कशाला नाही म्हणालीस?” मी सांगायचे. मग, “आणि कुणाला हो म्हणायला लावलंस?” तेही सांगायचे. तेवढ्यावर फोन बंद व्हायचा. तेव्हा मला हसू यायचं. आता संध्याकाळी काम संपलं की कुणीतरी ते विचारावं असं फार वाटतं. घरच्यांना काय सांगणार, एका म्हाताऱ्याला दुर्बिणीच्या तपासणीसाठी तयार करायला माझी सगळी दुपार गेली म्हणून?

एक दिवस माझी रिसेप्शनिस्ट आत येऊन म्हणाली, “एक आजी आल्यात, नंबर लावून बसल्यात. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, पण बघा जरा.” बाहेर गेले तर रांगेत मॅडम बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. पायात तेच बूट. शेजारच्या बाईशी तिच्या म्हशीबद्दल बोलत होत्या. मी वाकून नमस्कार केला, आत चला म्हटलं, तर म्हणाल्या, “माझ्या आधी चौघं आहेत.” त्यांचा नंबर आल्यावरच त्या आत आल्या.

आत आल्यावर पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि पेशंटनं सांगावं तसं सगळं सांगितलं. लाल, कोकमासारखं. दुखत नाही. गुठळ्या पडतात. मधुमेह जुना. किडनीचं काम कमी झालेलं. रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवला.

“पहिल्यांदा कधी झालं?” मी विचारलं.

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. “गेल्या दिवाळीच्या आसपास. एकदाच झालं आणि थांबलं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.”

“मॅडम, दिवाळीत ऊन?”

“बापाचीच लेक आहे,” त्या म्हणाल्या. मला वाटतं त्या हसण्याचा प्रयत्न करत होत्या. “दुसऱ्याचं लाल ओळखायला डोकं लागतं गं. आपलं ओळखायला छाती लागते.”

मी विचारलं, “कुठली तपासणी करू, मॅडम?”

“ते तू ठरवायचंस. मी पेशंट आहे.”

मी त्यांचा रिपोर्ट पुन्हा वाचला. एरवी अशा माणसाला मी औषध देऊन सीटीच केला असता. त्यांच्या किडन्यांवर तो भार टाकायला मन घेईना. मी म्हटलं, “आधी सोनोग्राफी करते. मग औषध न देता एमआरआय. आणि उद्या दुर्बीण.”

“का?” मॅडम म्हणाल्या.

मी कारणं सांगितली. सीटी का नको, एमआरआयमध्ये काय दिसेल आणि काय सुटू शकेल, दुर्बिणीला पर्याय का नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “कर.”

गाठ लघवीच्या पिशवीत होती आणि पिशवीच्या भिंतीत खोल गेली होती. ते त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी पडदा बघायला मागितला, चष्मा लावून पुढं वाकल्या आणि एखाद्या परक्या पेशंटचं चित्र बघावं तसं नीट, सावकाश बघितलं. मग म्हणाल्या, “चित्र छान काढलंयस.”

पिशवी काढायचं मोठं ऑपरेशन त्यांनी नको म्हटलं. वय आणि किडन्या बघता डॉक्टरांनीही फार आग्रह धरला नाही. किरणांचे उपचार घेतले. ज्या किरणांपासून त्यांनी इतक्यांना लांब ठेवलं, तीच घ्यायला त्या एकट्या एसटीनं यायच्या. एक शब्द तक्रारीचा नाही. ते संपल्यावर साताऱ्याची खोली सोडून भावाकडं वाडीवर राहायला गेल्या.

जमेल तसं मी रविवारी जायचे. त्या ओसरीत बाजेवर असायच्या. भावजय त्यांचं सगळं करायची. न्हाऊ घालणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं, कपडे बदलणं. मिश्री लावून काळे झालेले दात, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं जवळजवळ नाहीच. मॅडम मला म्हणायच्या, “हिच्याएवढं माझं कुणी केलं नाही.” शेवटी शेवटी मला तपासण्यांबद्दल काही विचारायच्या नाहीत. माझा हात हातात घेऊन पडून राहायच्या. बाजरी काढणीला आली होती त्या दिवसांत त्या गेल्या.

दहाव्याला मी वाडीवर गेले. कावळा शिवला, जेवणं झाली, माणसं पांगली. मी निघायचं म्हणून मागच्या दारी पाय धुवायला गेले तर भावजय भांडी घासत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “ताई, एक सांगू का?”

“सांगा की, वहिनी.”

“मला बी लाल झालं हुतं.”

मी तांब्या खाली ठेवला. “कधी?”

“दोनदा. वन्सं हुत्या तवाच.” त्या राखेनं पातेलं घासत राहिल्या. “त्यास्नी सांगाय पायजे हुतं. पन त्या आशा पडलेल्या. म्हनलं, ह्येचा बी घोर लागंल. उठून बसत्याल आन मला घिऊन सांगलीला निघत्याल.”

ते खरं होतं. त्या निघाल्या असत्या.

“दुखलं का?”

“न्हाई. काय बी न्हाई दुकलं.”

मी तिथंच दगडावर त्यांच्याजवळ बसले. एवढे महिने मॅडम ज्या घरात झोपल्या होत्या, तिथं पलीकडच्या चुलीशी ही बाई गप्प राहून त्यांना भाकरी भरवत होती. मला रडू येत होतं, पण रडून चालणार नव्हतं. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. पाळी जाऊन वर्षं झाली होती. तंबाखूची मिश्री लग्नाच्या आधीपासून. ताप नाही, जळजळ नाही. साखर नाही. मी म्हटलं, “वहिनी, उद्या माझ्याबरोबर यायचं.”

“सुतक हाय की.”

“सुतक आज फिटलं.”

त्या आल्या. नवऱ्याला बाहेर बसवून माझा हात धरून आत आल्या. किडन्या चांगल्या होत्या, म्हणून या वेळी औषध देऊन सीटीच केला. मशीन त्यांना आत घेताना त्यांनी विचारलं, “वन्संनी बी ह्येच सांगितलं आसतं का?” मी म्हटलं, “हेच.”

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीनं पिशवी बघितली. तिथं काही नव्हतं. सीटीतही काही नव्हतं. बाहेर येऊन मी त्यांना ते सांगितलं, अशा रक्ताचं कारण पुष्कळदा सापडत नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा लघवी तपासायची हेही सांगितलं, आणि मिश्री सोडायचं वचन घेतलं, जे त्यांनी माझ्या नजरेला नजर न देता दिलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “आज आसत्या तर लय बरं वाटलं आसतं त्यास्नी.” बाहेर बसलेल्या मॅडमच्या भावानं हात जोडले. मी त्यांना स्टँडवर सोडलं, दहिवडीच्या गाडीत जागा मिळेपर्यंत थांबले.

परत आले तेव्हा दुपार कलली होती. खोलीत पडद्यावर वहिनींची चित्रं तशीच उघडी होती. डावीकडची पांढरी धार वरून खालपर्यंत अखंड उतरली होती, उजवीकडचीही. रिपोर्ट मी सकाळीच लिहून दिला होता, बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. मी दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून त्या चित्रांसमोर बसले. शोधण्यासारखं त्यात काहीच उरलं नव्हतं. तरी मी बघत राहिले.